थकलेल्या बैलाचा हिशेब

रायगडच्या किनारपट्टीवरील गोधन, कायदा आणि अर्थकारण

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली कार्यान्वित झाले. भारतातून परदेशी जाणारे गोठवलेले म्हशीचे मांस ज्या बंदरांतून रवाना होते, त्यांत या बंदराचे स्थान अग्रभागी आहे. मुख्यतः उत्तर प्रदेशातील कत्तलखान्यांतून शीतकंटेनरमध्ये भरून आलेला हा माल येथून आग्नेय आणि पश्चिम आशियातील देशांकडे जातो. ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे १२ लाख ९६ हजार टन म्हैसमांसाची निर्यात झाली आणि तिचे मूल्य ३१ हजार कोटी रुपयांच्या घरात होते. बंदराच्या दक्षिणेस पेण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे तालुके लागतात. तेथील भातशेतकऱ्याच्या गोठ्यात थकून उभा असलेला बैल मात्र मार्च २०१५ पासून कत्तलीसाठी विकता येत नाही. तसे करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

ही दोन्ही दृश्ये एकाच जिल्ह्यातील आहेत. त्यांचा अर्थ लावायचा तर भावना आणि राजकारण क्षणभर बाजूला ठेवून गोठ्यातला जमाखर्च पाहावा लागतो. गोवंश हत्याबंदीच्या चर्चेत नेमके तेच सर्वांत कमी घडत आले आहे.

मांसासाठी गुरे पाळतो कोण?

ब्राझील, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत मांसासाठी गुरे पाळणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. वासरू जन्मल्यापासून ते विकले जाईपर्यंत त्याच्या अंगी किती किलो वजन चढले आणि त्यासाठी किती दाणा खर्ची पडला, यावर तेथील पशुपालकाचा नफा ठरतो. महाराष्ट्रात असा व्यवसाय कधीच नव्हता. येथील शेतकऱ्याने गाय दुधासाठी आणि गोऱ्ह्यासाठी पाळली, बैल ओढकामासाठी पाळला, म्हैस दुधासाठी पाळली. मांस ही या साऱ्या व्यवहाराच्या शेवटी मिळणारी दुय्यम वस्तू होती. जुने यंत्र मोडीत काढताना जशी मोडीची किंमत येते, तशी ती थकलेल्या जनावराची येत असे.

ही मोडीची किंमत दिसायला किरकोळ, पण तिचे काम मोठे होते. बैल साधारण तीन वर्षांचा झाला की जुंपला जातो, दहा-बारा वर्षांपर्यंत कामाचा राहतो आणि पुढे पाच-सात वर्षे नुसता जगू शकतो. काम थांबण्याच्या सुमारास शेतकरी तो बाजारात नेई, व्यापाऱ्याला देई आणि वर पैसे घालून तरुण बैल घरी आणी. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडजवळचा म्हसा येथील यात्रेचा बाजार किंवा घाटावरील चाकणचा बाजार यांत होणाऱ्या उलाढालीचे हेच गमक होते. जुन्या बैलाची रक्कम हा नव्या बैलाचा पहिला हप्ता असे. तो हप्ता भरणारा बँकवाला नव्हता, सहकारी सोसायटीही नव्हती. तो भरत होता जनावरांचा व्यापारी. त्याच्यामागे कत्तलखाना, कातडी कमावणारे, हाडे आणि शिंगे विकत घेणारे अशी साखळी उभी होती.

दुग्धव्यवसायातही तर्क तोच आहे. युरोप-अमेरिकेतील दूध उत्पादक दरवर्षी आपल्या कळपातील साधारण चौथा ते तिसरा हिस्सा गायी काढून टाकतात आणि त्यांचे येणारे पैसे दुधाच्या हिशेबातच धरतात. ही बाजू वजा केली तर दुधाचा उत्पादन खर्च वाढतो, एवढे साधे गणित त्यामागे आहे.

रहाट, घाणा आणि नांगर

रायगडच्या किनाऱ्यावर बैलाला एके काळी वर्षभर काम होते, ही गोष्ट आज सहज विसरली जाते. अलिबाग-रेवदंड्याकडच्या अष्टागरातील नारळी-पोफळीच्या वाड्यांना विहिरीवरील रहाटाने पाणी दिले जाई आणि रहाट फिरवी तो बैल किंवा रेडा. तेलाचा घाणाही बैलाच्याच बळावर चाले. या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायली समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले ते घाण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे. भात, मीठ, नारळ, गवत, लाकूडफाटा यांची वाहतूक गाडीने होई. शेतीत तर नांगरणी, चिखलणी, गुठा फिरवणे ही कामे बैलाची होतीच. शिवाय भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, म्हणजे राब लावण्याची कोकणातील पद्धत शेणावर आणि पालापाचोळ्यावर उभी होती.

रहाटाची जागा विजेच्या पंपाने घेतली, घाण्याची जागा गिरणीने आणि गाडीची टेम्पोने. उरले ते खरिपातील काही आठवड्यांचे काम. रायगडचे भात हे प्रामुख्याने पावसाचे, एकहाती पीक. जून-जुलैमधील नांगरणी आणि चिखलणी संपली की बैल जवळजवळ रिकामाच. एवढ्याशा कामासाठी बारा महिने जोडी पोसण्यापेक्षा भाड्याने पॉवर टिलर आणणे परवडते, हे अल्पभूधारकाला कोणी शिकवावे लागले नाही. खाडीकाठच्या खारजमिनीत जड ट्रॅक्टर रुततो आणि डोंगरउतारावरच्या लहान खाचरांत तो वळतच नाही. तेवढ्या भागात बैल आणि रेडा टिकून राहिले.

जमीनही राहिली नाही. उरण-पनवेल पट्ट्यात सिडकोने नव्या मुंबईसाठी आणि पुढे बंदरासाठी गावेच्या गावे संपादित केली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ चे उरणचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार हा त्या इतिहासाचा सर्वांत ठसठशीत टप्पा. शेत गेले तेथे गोठाही गेला. तेव्हा किनारपट्टीवरील गुरांच्या घटीचे सारे खापर २०१५ च्या कायद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. बैलाची उपयुक्तता आधीच ओसरत होती. कायद्याने केले ते एवढेच की, ओसरत्या काळात त्यातून बाहेर पडण्याची जी वाट होती ती बंद केली.

कायद्याची वाटचाल

घटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात, राज्याच्या धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करावे आणि गायी, वासरे तसेच दुभती व ओढकामाची इतर गुरे यांच्या कत्तलीस प्रतिबंध करण्यासाठी पावले उचलावीत, असे म्हटले आहे. या अनुच्छेदाचा दुसरा भाग सर्वांना तोंडपाठ असतो. पहिल्या भागातील ‘आधुनिक व शास्त्रीय’ हे शब्द क्वचितच उद्धृत होतात. पशुधनाचे जतन हा विषय राज्यसूचीत असल्याने प्रत्येक राज्याने आपापला कायदा केला.

१९५८ साली महंमद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी गायींच्या हत्येवरील संपूर्ण बंदी वैध ठरवली. मात्र दूध, पैदास वा ओढकाम यांस निरुपयोगी झालेल्या बैलांच्या आणि म्हशींच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालणे वाजवी नाही, असा निर्वाळा दिला. निरुपयोगी जनावरे उपयुक्त जनावरांच्या तोंडचा चारा खातात, हा त्यामागचा एक विचार होता. महाराष्ट्राचा १९७६ चा पशुसंरक्षण अधिनियम या चौकटीतला होता. त्यात गाय आणि वासरू यांना पूर्ण संरक्षण होते. वळू, बैल आणि म्हैस यांची तपासणी करून, ते जनावर दूध, पैदास वा कामासाठी किफायतशीर राहिलेले नाही असे प्रमाणपत्र मिळाल्यावर कत्तल करता येत असे. मुंबईचा देवनार कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याचा थकलेला बैल व्यापाऱ्याच्या हातून याच व्यवस्थेत जाऊन पोहोचे.

१९९५ साली युतीचे सरकार असताना बैल आणि वळू यांनाही संपूर्ण संरक्षण देणारे दुरुस्ती विधेयक विधिमंडळात संमत झाले आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले. तेथे ते जवळपास वीस वर्षे पडून होते. दरम्यान ऑक्टोबर २००५ मध्ये गुजरातच्या कायद्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने १९५८ ची भूमिका बदलली. बैल म्हातारा झाला तरी त्याचे शेण आणि मूत्र खत व इंधन म्हणून उपयोगी पडते, सबब तो निरुपयोगी कधीच होत नाही, असे बहुमताचे प्रतिपादन होते. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या विधेयकास संमती दिली आणि ४ मार्च २०१५ रोजी ते राजपत्रात प्रसिद्ध झाले. कत्तल, कत्तलीसाठी खरेदी-विक्री आणि कत्तलीच्या हेतूने राज्याबाहेर वाहतूक या साऱ्यांस पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. मात्र परराज्यात कायदेशीररीत्या कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकणारे कलम रद्द केले.

म्हैस आणि रेडा यांना मात्र जुनीच, म्हणजे प्रमाणपत्राची तरतूद लागू राहिली. या एका फरकातून पुढचे बरेच काही घडले.

दिवसाला ५० रुपये

न्यायालयाने शेणाचा आधार घेतला आहे, तर हिशेबही शेणापासूनच करावा. साधारण बांध्याचे जनावर रोज दहा किलोच्या आसपास ओले शेण देते. वर्षाला झाले साडेतीन टन. ओल्या शेणातील नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी, सहसा तीन ते चार दशांश टक्के धरले जाते. म्हणजे वर्षभराच्या शेणातून फार तर दहा ते चौदा किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वीस किलोंहून अधिक नत्र असते आणि केंद्राच्या अनुदानामुळे ती गोणी शेतकऱ्याला २७० रुपयांच्या आत मिळत आली आहे. शेणाचे मोल केवळ नत्रापुरते नाही, हे खरे. त्यातील सेंद्रिय द्रव्य जमिनीचा पोत राखते आणि ते कोणत्याही गोणीत मिळत नाही. पण एका हाताने शेणाची महती सांगायची आणि दुसऱ्या हाताने युरिया पाण्याच्या भावात द्यायचा, या धोरणात शेण बाजारात हरणारच. छत्तीसगड सरकारने जुलै २०२० मध्ये शेण विकत घेण्याची योजना सुरू केली तेव्हा भाव ठेवला होता किलोला २ रुपये. त्या भावानेही दहा किलोंचे होतात २० रुपये.

आता खर्चाची बाजू. जनावर पोसण्यास दिवसाला किती लागतात, याचे एक मोजमाप सरकारनेच देऊन ठेवले आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन प्रत्येकी ५० रुपये अनुदान मंजूर केले. गोशाळाचालकांच्या मते ही रक्कमही पुरेशी नाही. तरी ती प्रमाण मानली तर एका जनावरामागे वर्षाला १८,२५० रुपये होतात. काम थांबल्यानंतर बैल पाच वर्षे जगला तर ९१,२५० रुपये. जोडी असेल तर दुप्पट.

शेतकरी हे पैसे रोखीने मोजत नाही, तो पेंढा घालतो, असे उत्तर यावर दिले जाते. परंतु पेंढ्यालाही किंमत आहे. तीनशे किलो वजनाच्या बैलाला रोज सात-साडेसात किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला अडीच टनांहून अधिक. पावसाळ्यातील हिरवे गवत वजा केले तरी एका थकलेल्या बैलासाठी अर्ध्या हेक्टराहून अधिक भाताचा पेंढा बाजूला ठेवावा लागतो. किनारपट्टीवरील कित्येक खातेदारांकडे एकूण जमीनच तेवढी असते. तो पेंढा दुभत्या म्हशीला घातला किंवा विकला तर पैसे देतो. बैलाला घातला तर देत नाही.

आणि हे अनुदान गोशाळेला आहे. ज्याच्या दावणीला बैल आहे, त्या शेतकऱ्याला नाही. देशी गायीला आहे. बैलाला नाही, संकरित गायीलाही नाही. २०१७ च्या ‘गोवर्धन गोवंश सेवा केंद्र’ योजनेत जिल्ह्याला एक गोशाळा आणि तिला एक कोटी रुपये अशी रचना होती. २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला. जनावर मालकाने सांभाळावे ही अपेक्षा कायद्याची, आणि मदत मात्र त्याने ते सोडून दिल्यानंतर, असा हा उफराटा क्रम आहे. कोकण कपिला ही या पट्टीतली बुटकी, काटक, अतिपावसात टिकणारी गाय. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ती दिवसाला दोन-अडीच लिटर दूध देते. तिला घरच्या गोठ्यात टिकवणाऱ्या शेतकऱ्याला या ५० रुपयांतला एक रुपयाही मिळत नाही.

कळप आपोआप बदलतो

या प्रश्नाची अर्थशास्त्रीय चर्चा मराठी माणसाला परकी नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९६० च्या दशकात हा विषय हिरिरीने मांडला होता. भारतातील गुरांची जोपासना पर्यावरणाशी सुसंगत आणि शहाणपणाची आहे, असा सिद्धान्त अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ साली मांडला होता. दांडेकरांनी त्याचा कठोर समाचार घेतला. मालकाला आपल्या कळपाची संख्या ठरवण्याचा हक्कच नसेल तर निवड होत नाही, चारा वाटला जातो आणि सारीच जनावरे उपाशी व निकृष्ट राहतात, असे त्यांचे म्हणणे. केरळचे अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी त्यावर वेगळे उत्तर दिले. शेतकरी कळपावर नियंत्रण ठेवतच असतो. जेथे बैल लागतात तेथे नर अधिक, जेथे दूध महत्त्वाचे तेथे माद्या अधिक, असे प्रांतोप्रांतीचे प्रमाण त्यांनी दाखवले. हे नियंत्रण सुरीने होत नाही. नको असलेल्या वासराला दूध कमी पाजून, चारा कमी घालून ते होते.

अर्ध्या शतकानंतरची पशुगणना राज यांच्या बाजूने साक्ष देते. २०१२ ते २०१९ या काळात देशातील गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढून १४ कोटी ५१ लाखांवर गेली. त्याच काळात गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात २०१२ साली गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. राज्यातील म्हशी मात्र ५६ लाखांच्या आसपास स्थिर राहिल्या. ट्रॅक्टरचा प्रसार आणि दुष्काळ यांचा यातील वाटा मोठा आहे आणि कायद्याचा नेमका किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. परंतु गोवंश वाढावा म्हणून केलेल्या कायद्यानंतर तो वाढलेला नाही, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

संकरित गायींनी पेच आणखी वाढवला. होल्स्टीन वा जर्सी रक्ताच्या गोऱ्ह्याला वशिंड नसते, उन्हाचा जोर त्याला सोसत नाही आणि नांगराला तो बहुधा चालत नाही. पूर्वी असा गोऱ्हा निदान कोणीतरी घेऊन जाई. आता जन्मल्या दिवसापासून तो खर्चाच्या बाजूला पडतो. बहुतांश कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रांचा पुरस्कार सरकार करू लागले आहे, ती या अडचणीची न बोलता दिलेली कबुलीच होय.

वालाच्या शेतात मोकाट गुरे

कोकणात भात कापून झाले की गुरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे. गवत पुष्कळ होते आणि रान सर्वांचे होते तोवर त्यात काही वावगे नव्हते. संध्याकाळी गुरे आपापल्या गोठ्यात परतत. सोडून दिलेले जनावर मात्र परतत नाही. भातानंतर जमिनीतील ओलीवर वाल घेणे ही रायगडची खासियत. हिवाळ्यातील पोपटी त्याच शेंगांवर होते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही भातानंतरच लावला जातो. या दुसऱ्या पिकावरच येथील शेतकऱ्याची चार पैशांची आशा असते आणि मोकाट गुरे पहिला घाला घालतात तो त्याच पिकावर. कुंपण घालावे तर खर्च, रात्री राखण करावी तर माणूस नाही. कित्येकदा शेत पडीक ठेवणेच बरे वाटते.

यासाठीची कायदेशीर व्यवस्था आहे १८७१ च्या इंग्रजी कायद्यातील कोंडवाडा. पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड भरून ते सोडवावे, न सोडवल्यास लिलाव करावा, अशी ती योजना. ती चालते ती जनावराला किंमत आहे या गृहीतकावर. ज्याला कोणी घेत नाही अशा जनावराचा मालक पुढे येणार नाही आणि लिलावात बोलीही लागणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना ही वेळ सुचली नसावी. रस्त्यावर रात्री ठिय्या मारून बसलेल्या गुरांमुळे होणारे अपघात हा याच साखळीतला पुढचा दुवा.

अपवाद आहे तो शर्यतीच्या बैलाचा. अलिबाग-मुरूडच्या पुळणीवर भरणाऱ्या बैलगाडी शर्यती ही या किनाऱ्याची जुनी हौस. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची कायदा दुरुस्ती वैध ठरवली. शर्यत जिंकणाऱ्या खिलार बैलाची बोली लाखांत लागते. पण शंभरातील एखादा बैल धावतो. त्याच्या किमतीवरून सामान्य बैलाचे मोल ठरवणे म्हणजे लॉटरी लागलेल्याच्या घरावरून गावची सुबत्ता मोजण्यासारखे आहे.

म्हशीकडे वळलेली वाट

कायद्यात म्हैस वगळली गेल्याचे परिणाम दोन टोकांना दिसतात. किनाऱ्यावरच्या गोठ्यात चिखलणीसाठी रेडा पाळणाऱ्याला म्हातारपणी त्याचे चार पैसे अजून मिळू शकतात. शेजारच्या बैलवाल्याला नाहीत. भाकड म्हैस विकून दुभती घेता येते. भाकड गायीचे तसे नाही. दूध संघांच्या दरापेक्षाही हा फरक कित्येकांचा निर्णय ठरवतो. दुसऱ्या टोकाला न्हावा-शेव्याची निर्यात. देशातून गायी-बैलांच्या मांसाच्या निर्यातीला बंदीच आहे. परवानगी आहे ती केवळ म्हशीच्या हाडविरहित मांसाला, तेही नोंदणीकृत कत्तलखान्यातून आणि पशुवैद्यकीय प्रमाणपत्रासह. २०१४-१५ मध्ये ही निर्यात सुमारे १४ लाख ७५ हजार टन होती. या व्यवसायाला कच्चा माल पुरवते ती दुधासाठी पाळलेली आणि भाकड झालेली म्हैस. म्हशीच्या दुधाचे अर्थकारण मांसाच्या किमतीवर अंशतः उभे आहे, हे उघडपणे बोलले जात नाही इतकेच.

केंद्राने २३ मे २०१७ रोजी जनावरांच्या बाजारांविषयी नियम काढून बाजारातील कत्तलीसाठीच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा म्हैसही त्यात आली होती. निर्यातदार आणि दूध उत्पादक दोघेही हादरले. मद्रास उच्च न्यायालयाने त्या नियमांना स्थगिती दिली आणि जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू असल्याचे स्पष्ट केले.

शेजारच्या राज्यांतही गणिते हलली आहेत. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गोहत्येला बंदी असली तरी प्रमाणित बैलांच्या कत्तलीला वाव आहे. उसगाव येथे सरकारी मांस प्रकल्पही आहे. पण गोव्याचा पुरवठा महाराष्ट्र आणि कर्नाटकावर अवलंबून. २०१५ मध्ये एक दार मिटले आणि २०२१ च्या प्रारंभी कर्नाटकाचा नवा कायदा लागू झाल्यावर दुसरे.

कायदेशीर व्यवहारही आता निर्धोक राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात वाहन अडवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. प्रत्यक्षात तो अधिकार रस्त्यावर कोणीही हाती घेतो, अशी तक्रार व्यापारी आणि शेतकरी दोघेही करत आले आहेत. जप्त जनावर गोशाळेत जाते आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार खटला चालू असेपर्यंतच्या पोसण्याचा खर्च आरोपीच्या माथी बसू शकतो. म्हशीची वाहतूक कायदेशीर असली तरी ती निर्दोष ठरेपर्यंत म्हशीच्या किमतीएवढा खर्च होऊन जातो. ही जोखीम व्यापारी स्वतः सोसत नाही, खरेदीच्या भावातून वजा करतो. म्हणजे ती अखेर शेतकऱ्याच्याच पदरी येते.

२०२५ च्या पावसाळ्यात राज्यातील कुरेशी समाजाने या जाचाच्या निषेधार्थ जनावरांची खरेदीच थांबवली. अनेक ठिकाणचे गुरांचे बाजार ओस पडले. म्हशी, रेडे, भाकड जनावरे कोणी घेईना. ‘खरेदी सुरू करा’ अशी मागणी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने केली ती शेतकऱ्यांनी. खासगी व्यक्तींनी वाहने अडवू नयेत, अशा सूचना त्यानंतर सरकारकडून पोलिसांना गेल्या. २०१५ च्या कायद्यातील तरतुदी मात्र जशाच्या तशा राहिल्या, आणि पेण-अलिबागकडच्या खाचरांत त्या खरिपात चिखलणी बहुतेक ठिकाणी भाड्याच्या पॉवर टिलरनेच झाली.